मोरीच्या दाराचा चार्ज

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. हा मेलेला नाय, म्हणून बोलून घेतो. भिवपुरीकडं राहतो, दोन्ही टायमाला जेवतो, दात स्वतःचे हायत, आणि आवाज असा की फोन कानापासनं हातभर लांब धरला तरी ऐकू येतो. त्याला सगळे ऑपरेटर बोलतात. वीजघरात जन्मभर ऑपरेटर होता, तेच नाव पडलं. खरं नाव मोबाईलवरच्या आमच्या ग्रुपातल्या अर्ध्या लोकांना ठाऊक नाय. मला तो गवंडी बोलायचा. मी गवंडीच हाय, पण तो बोलला की शिवी दिल्यासारखं वाटायचं.

माझा त्याच्यावर राग हाय. होता नाय, हाय. त्यानं सगळ्या ग्रुपासमोर माझी अब्रू काढली, आणि ती काढून झाल्यावर मलाच ग्रुपमधनं काढलं. माणसानं एकावेळी एक काहीतरी काढावं की नाय?

आता माझी अब्रू केवढी होती ते सांगतो, म्हणजे काढली किती त्याचा अंदाज येईल. शाळेत मी गेलोय, नाय असं नाय. शाळेची भिंत बांधायला गेलो होतो. बाकी अक्षराशी माझं काय देणंघेणं नाय. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात हल्ली शेतात भातापेक्षा फार्महाऊस जास्त उगवतात, त्यातल्या कितीतरी मोऱ्या माझ्या हातच्या. तिथं मोरी बोलायचं नाय, बाथरूम बोलायचं. एका शेटच्या बाथरूमला तर काचेचं दार बसवलं. आत माणूस उभा राहिला की बाहेरनं भुतासारखा दिसतो. एवढा खर्च करून अर्धवट दिसायचं, ही श्रीमंतांची हौस.

आणि माझ्या स्वतःच्या घरच्या मोरीला दारच नव्हतं.

भिंती होत्या. लादी होती, तीपण शेटकडं उरलेली, चांगल्यातली. वर पत्र्यावर टाकी होती, नळ होता. दाराच्या जागी भगदाड. दार आणलेलं होतं, ते प्लास्टिकात गुंडाळून घरामागं भिंतीला टेकवून ठेवलेलं, त्याच्या आड कोंबड्या अंडी घालायच्या. आणि भगदाडाला मी एक फ्लेक्स बांधला होता. निवडणूक झाल्यावर रस्त्याकडंला पडलेला, चांगला जाड होता. त्याच्यावर एक पुढारी, पुऱ्या मापाचा, हात जोडून उभा. आता हा सुलटा बांधला तर येणाऱ्या-जाणाऱ्याला पुढारी दिसणार, लोक हसणार. म्हणून मी डोकं चालवलं. पुढाऱ्याचं तोंड आतल्या बाजूला केलं.

माझं डोकं चाललं की असं चालतं.

बायकोनं काढले तितके दिवस काढले. वारा आला की फ्लेक्स उडायचा, आणि शेजारचा म्हातारा नेमका तेव्हाच ओट्यावर तंबाखू मळत बसलेला. ही एका हातानं फ्लेक्स धरायची, एका हातानं तांब्या. डोक्यावरनं अंघोळ करायची असली की हात कमी पडायचा. एक दिवस ओल्या केसांनी बाहेर आली आणि बोलली, "लोकांच्या बायकांना काचंची दारं बसवून देता. मी रोज त्या मेल्या पुढाऱ्याला कवटाळून अंघोळ करते. लग्नात बोलला होता, दिवाळीला दार. कुठली दिवाळी ते मी विचारायला पाहिजे होतं."

"अगं, बसवतो की."

"बसवाल त्या दिवशी सांगा. मी माहेरी अंघोळ करायला चाललेय."

आणि गेली. खालापूरच्या अलीकडं तिचं माहेर. बोलणं अंघोळीचं होतं, पण कपाटातल्या सगळ्या साड्या घेऊन गेली. अंघोळीला कोण एवढ्या साड्या नेतं?

मी घरात एकटा. चिडलो. कोणावर चिडणार? मोबाईल उघडला. त्याच्यात ते चकचकीत शर्टवाले येतात ना, पहाटे उठा, स्वतःला जिंका, थंड पाण्यानं अंघोळ करा, आयुष्य बदलतं. माझी बायको वर्षभर थंडगार वाऱ्यात अंघोळ करत होती, तिचं आयुष्य बदललं ते माहेरी जाऊन. मी ते व्हिडिओ खाटेवर आडवा पडून बघायचो. एक संपला की दुसरा. उठायचं कसं यावर एवढं बघितलं, एवढं बघितलं, की उठायला टाईमच मिळाला नाय.

मग मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, खोपोलीला कंपनीत हाय. बोलला, "भाऊजी, तुमच्यात मोटिव्हेशन नाय."

"मग कुटनं आणू? हार्डवेअरच्या दुकानात मिळंल?"

"ग्रुपवर मिळंल," बोलला, आणि माझ्याच हातातला मोबाईल घेऊन मला घातला ग्रुपात. ग्रुपचं नाव 'चालू बंद बिघाड'. फोटोच्या जागी काटा असलेलं कसलं तरी मीटर.

पाच मिनिटं झाली नसतील, पहिला आवाज आला. "जय भीम! नवीन माणूस आलाय, गवंडी हाय असं कळलं! ऐक रं गवंडी! इथं गुड मॉर्निंग नाय, फुलं नाय, देव नाय, पुढारी नाय! लिहायचं नाय, बोलायचं! आणि अंगठा दाखवायचा नाय! आमच्या आज्यानं सावकाराच्या कागदावर अंगठा दिला, जमीन गेली! बापानं आम्हाला शिकवलं ते अंगठा द्यायला लागू नये म्हणून! आणि तुमी शिकलीसवरलेली पोरं दिवसभर फोनवर अंगठेच देता!" आणि मागनं बारीक एका बाईचा आवाज, "अहो, ओरडू नका, बीपी वाढंल." ती त्याची बायको. प्रत्येक निरोपाच्या शेपटाला ती असायचीच.

मी घाबरून अंगठा दिला. सवय. लगेच दुसरा निरोप. तो इथं सांगण्यासारखा नाय.

हा माणूस पुढं मी डोळ्यानं बघितला तेव्हा हसूच आलं. एवढासा. गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, तेपण खडूनं पांढरे केलेले. आणि एक खोड. काच दिसली की तिच्यावर बोटानं टकटक करायचा. घड्याळ बघायच्या आधी टकटक. भाजीवाल्याच्या काट्यावर टकटक. दवाखान्यात बीपी बघणाऱ्या बाईच्या मशीनवर टकटक केली, ती ओरडली. का करतो विचारलं तर बोलायचा, "काटा अडकलेला असतो कधीकधी. टिचकी मारली की खरं बोलतो." फोनवरसुद्धा निरोप ऐकायच्या आधी टिचकी मारायचा, त्यामुळं निरोप बंद पडायचा, मग आणखी चिडायचा.

ग्रुपची रीत त्यानं वीजघरातनं आणलेली. तिथं पाळी संपली म्हणून माणूस खुर्ची सोडून उठत नाय. पुढचा गडी येतो, समोर उभा राहतो. जाणाऱ्यानं सांगायचं, चालू काय, बंद काय, बिघाड काय. येणाऱ्यानं ते सगळं आपल्या तोंडानं परत बोलायचं आणि मग बोलायचं, "चार्ज घेतला." त्यानंतर खुर्ची सोडायची. तोवर घरी बायको बाळंत होवो. ही उपमा नाय, त्याची बायको खरंच बाळंत झाली होती. रस्ता बंद, पुढचा गडी पोचला नाय, हा खुर्चीतच. पोरगा बघायला गेला तेव्हा पोराचं बारसं कोणत्या दिवशी करायचं ते ठरून गेलेलं. बाईनं त्याला ते अजून माफ केलेलं नाय. मला तिनं स्वतः सांगितलं, फोनवर, नवऱ्याच्या हातातनं फोन ओढून.

आणि ज्या माणसानं असा चार्ज सांभाळला, त्याचा शेवटच्या दिवशी चार्ज घ्यायला कोणी आलं नाय. सत्कार झाला, शाल झाली, नारळ झाला. हा आपला खुर्चीजवळ उभा. कोणीतरी येईल, समोर उभा राहील. साहेब बोलला, "आता सगळं कॉम्प्युटर बघतो हो, तुमी जा निवांत." हा गेला, पण निवांत नाय गेला. "माझा चार्ज अजून माझ्याकडंच हाय," असं बोलायचा. असा माणूस मोकळा सोडल्यावर काय होणार? त्यानं ग्रुप काढला.

ग्रुपात सगळी बंद पडलेली माणसं. खोपोलीचा एक, दुकानाचा बोर्ड रंगवून घेतलेला, दुकान नाय. रसायनीची एक बाई, तिनं शिलाई मशीन घेतलं आणि त्याच्यावर धुतलेल्या कपड्यांचा डोंगर ठेवला, मशीनचं तोंड तिनं पुन्हा बघितलं नव्हतं. ऑपरेटरचा स्वतःचा पुतण्या, भरतीची तयारी करणारा, धावायचे बूट उशाशी घेऊन झोपणारा. संध्याकाळी प्रत्येकानं ग्रुपातल्याच आपल्या जोडीदाराला चार्ज द्यायचा. बंद असलं तरी चालंल. "बंद असणं गुन्हा नाय!" हा ओरडायचा. "बंद असून चालू सांगणं गुन्हा हाय! बिघाड लपवला की घर जळतं!" आणि ज्याचं काम चालू होईल त्याला हा ग्रुपमधनं काढून टाकायचा. दुनियेत चुकला त्याला काढतात, इथं सुधारला त्याला. रसायनीच्या बाईनं पहिला ब्लाऊज शिवला, फोटो टाकला, सगळे खूश, आणि ह्यानं तिला तिथल्या तिथं बाहेर घातलं. बिचारी मेहुण्याला फोन करून रडली, माझं काय चुकलं.

माझ्याशी जोडी लावायला कोणी तयार होईना. म्हणून ऑपरेटरनं मला स्वतःकडं घेतलं. तिथं सगळा घोळ झाला.

रोज संध्याकाळी फोन. "जय भीम गवंडी! चालू काय?"

"नमस्कार काका. शेटच्या बंगल्याचं कंपाउंड चालू हाय."

"शेटचं नाय विचारलं! तुझं!"

"माझं... नळ चालू हाय."

"बंद काय?"

"मोरीचं दार."

"बिघाड काय?"

"आज फिटर आला नाय."

"नळ चालू, दार बंद, फिटर आला नाय. चार्ज घेतला!" ठॉक. फोन बंद.

आणि खरं सांगतो, असं हलकं वाटायचं! दाराचा चार्ज दिला, दार आता ऑपरेटरकडं. मी जेवायचो आणि दगडासारखा झोपायचो. वीजघरात चार्ज दिलेला माणूस घरी जाऊन झोपतोच की. त्याच्या रीतीत हे भोक होतं आणि मी बरोबर त्या भोकात अंथरूण घातलं. दुसऱ्या दिवशी नवीन बिघाड. बिजागरी गंजली. ड्रिल मशीन कोणी नेलं. दार चांगल्या कंपनीचं पाहिजे, ते मिळत नाय. एकदा तर बोललो, आज मन लागत नाय. ऑपरेटरनं तेपण जसंच्या तसं परत बोलून चार्ज घेतला, पण दात आवळून.

ह्याच्यापेक्षा भारी गोष्ट म्हणजे ग्रुपात माझं नाव झालं. लोक बोलायला लागले, गवंडीभाऊ किती खरं बोलतात, रोजचा बिघाड रोज सांगतात, काय लपवत नाय. माझा आवाज लोकांना आवडायला लागला. खोपोलीचा दुकानवाला बोलला, "भाऊ, तुमचं ऐकलं की मला धीर येतो." मी पण चढलो. मी दुसऱ्यांना सांगायला लागलो, हिंमत सोडू नका, एक-एक वीट. मी! ज्याच्या घरी पुढारी वाऱ्यावर उडत होता, तो! सकाळी कामावर जायच्या आधी लोकांना धीर देण्यात माझा असा वेळ जायचा की कामाला उशीर व्हायचा, आणि शेट शिव्या द्यायचा.

खरा बिघाड मात्र मी कोणाला सांगितला नव्हता. ऑपरेटरला नाय, बायकोला नाय, कोंबड्यांना ठाऊक असंल तर असंल. सगळे मला आळशी समजत होते आणि मी समजू देत होतो. आळशी बोललेलं गवंड्याला परवडतं.

मग एक दिवस ऑपरेटरचा काटा सटकला. मी चार्ज देताना बोललो, "बिघाड असा की आज ग्रुपवर लोकांना धीर देण्यात टाईम गेला." ह्यानं चार्ज घेतला, फोन ठेवला आणि ग्रुपवर निरोप टाकला. तो निरोप अजून माझ्या कानात हाय. "ऐका सगळे! ज्या गवंड्याच्या तुमी आरत्या ओवाळता, त्याची बायको घर सोडून गेलीय! का? मोरीला दार नाय! ती बाई फ्लेक्सच्या आड अंघोळ करत होती, शेजारचा म्हातारा बघत होता! आणि हा तुमाला हिंमत वाटतोय! थू!"

हे सगळं त्याला सांगितलं कोणी? मेहुण्यानं. आणि मेहुण्यानं शहाणपणाचा आणखी कळस केला. निरोप आला तेव्हा तो त्यांच्या अंगणात बसलेला, स्पीकर चालू. अंगणात कोण? माझी सासू, दोन शेजारणी, कणसं घेऊन आलेला एक पाव्हणा. आणि माझी बायको, शेंगा सोलत.

तिचा फोन आला. मी हॅलो बोललो. ती बोलली, "आतापर्यंत एका म्हाताऱ्याला ठाऊक होतं. आता खोपोलीपासनं रसायनीपर्यंत सगळ्यांना कळलं मी कशी अंघोळ करते. आता सोन्याचं दार लावा. मी येत नाय."

"अगं, तो ऑपरेटर येडा हाय..."

"तो येडा नाय. तुमी त्याला माझी मोरी दिली बोलायला."

फोन ठेवला. मी उभा पेटलो. ग्रुप उघडला आणि ऑपरेटरला जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या दिल्या, सगळ्यांच्या देखत. त्याचं वय काढलं, त्याचे बूट काढले, त्याचं वीजघर काढलं. बोललो, तुझा चार्ज कोणी घेतला नाय ते बरोबर केलं, तुझ्यासारख्याच्या हातचं कोण घेणार! हे बोललो आणि मलाच कसंतरी झालं, पण राग एवढा होता की परत नाय घेतलं. खोपोलीवाल्यानं चुकून एक अंगठा दिला आणि लगेच पुसला.

ऑपरेटरचा निरोप आला. पहिल्यांदाच हळू आवाज. "दाराचा चार्ज माझ्याकडं हाय. दार घेऊन निघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात टमटम थांबली. टपावर फायबरचा दरवाजा दोरीनं बांधलेला, निळा, खालनं पाणी लागून फुगलेला. खाली उतरला तो एवढासा माणूस, पांढरे बूट. मी पहिल्यांदाच बघत होतो. नमस्कार नाय, काय नाय. "कुटं हाय भगदाड?"

मी बोललो, "काका, परत जा. हात उचलंल माझा."

"उचल. आधी दार उचल, जड हाय."

आणि खरं सांगतो, मी उचललं. ती माझी पिढ्यान्‌पिढ्याची खोड, कोणी उचल बोललं की हात आपोआप जातो. दार उचलून मागं नेताना त्याच्या खिशात फोन वाजायला लागला. वाजतोय, वाजतोय. शेवटी त्यानं टिचकी मारून घेतला, आणि त्या बाईचा आवाज सगळ्या आळीत घुमला. "अहो! मी अंघोळीला निघाले! आपल्या मोरीचं दार कुटं गेलं?"

माझ्या हातातनं दार सुटता सुटता राहिलं. ह्यानं स्वतःच्या घरचं दार उपटून आणलं होतं!

"एक मशीन बंद पडलं की लोड दुसऱ्यावर घ्यायचा," तो मला समजावून सांगतोय. "तोवर चालतं."

"काय चालतं?" मी ओरडलो. "तुमच्या बायकोला उघडी ठेवून माझ्या बायकोला झाकायला आलात? अक्कल हाय का? ती बाई तिकडं टॉवेल घेऊन उभी हाय! बाईमाणसाला अंघोळीला दार नको? लाज वाटत नाय, घरच्या लक्ष्मीला असं..."

आणि मी थांबलो. कारण ऑपरेटर माझ्याकडं बघत होता.

मग त्यानं फ्लेक्स उतरवला, घडी घालून बाजूला ठेवला आणि दार भगदाडाला लावून बघितलं. दार जाईना. तिरकं केलं, जाईना. वरनं जाईना, खालनं जाईना. तेवढ्यात एक कोंबडी मागनं ओरडत निघाली, आणि ह्याला माझं दार दिसलं, प्लास्टिकातलं, नवंकोरं. हा ते बघतो, मला बघतो. दोघांनी मिळून ते ओढलं, लावलं. तेपण जाईना. दोन दारं, एक भगदाड, आणि एकपण बसंना.

"गवंडी," तो बोलला, "दोन्ही दारं चुकलेली असतील काय रं?"

आता काय लपवायचं राहिलं होतं! मी बोललो, ओरडलोच. "नाय! भगदाड चुकलंय! मी बांधलं, मीच चुकलो! वीतभर अरुंद हाय, आणि एका बाजूनं गुण्यात नाय, काटकोन चुकलाय! शेटचं काम असतं तर दोन वेळा मापलं असतं. स्वतःच्या घरी नुसत्या डोळ्यानं उचललं! आता फोडायचं तर सगळा गाव बघणार, गवंडी स्वतःची भिंत फोडतोय. उद्या कोण देईल मला काम? आळशी बोला, दारुडा बोला, पण माप चुकलेला गवंडी बोलू नका!"

तो बोलला, "एवढे दिवस चार्ज दिलास. हा बिघाड कधीच दिला नायस."

मी त्याच्या कानाखाली काढली असती. त्याच्याऐवजी भिंतीवर काढली. घण घेतला आणि मारला. पहिला घाव असा बसला की शेजारचा म्हातारा तंबाखू टाकून ओट्यावर उभा राहिला. "काय रं, काय करतोस?" मी बोललो, "माप चुकलं होतं माझं! नीट बघून घ्या! आजवर पडदा बघत होता, आता भिंत बघा!" म्हातारा आत गेला. ऑपरेटर माझ्या बाजूला उभा राहून विटा उचलत होता आणि त्याचा फोन खिशात वाजत होता.

अशात मेहुण्याची बाईक आली आणि मागनं बायको उतरली. ऑपरेटरनं आदल्या दिवशी ग्रुपवर सांगितलं होतं ना, दार घेऊन निघतो म्हणून. ती दारासाठी आली नव्हती. भांडायला आली होती. पदर खोचलेला. सरळ त्याच्यासमोर गेली.

"ऑपरेटर तुमीच?"

"मीच."

"माझ्या अंघोळीची गोष्ट लोकांना ऐकवताना लाज नाय वाटली?"

ऑपरेटर बूट जुळवून ताठ उभा राहिला. "तेव्हा नाय वाटली. तुमच्या नवऱ्याचा बिघाड सांगत होतो, असं वाटलं. सकाळी घरचं दार काढून आणलं, आणि आमची ही फोनवर जी ओरडली, तेव्हा कळलं. चूक झाली, बाई."

"मग तिचं दार घेऊन चालायला लागा!"

"चार्ज..."

"चार्ज गेला खड्ड्यात! मोरी माझी हाय. तुमच्या दोघांची नाय!"

मग ती माझ्याकडं वळली. मी घण घेऊन उभा, डोक्यावर सिमेंटची धूळ. फुटलेली भिंत तिनं बघितली. तिचं डोकं माझ्यापेक्षा चालतं, तिला सांगायला नाय लागलं. तरी मी सांगितलं, "माप चुकलं होतं. वीतभर."

"म्हणजे वीतभरासाठी?"

"हां."

"मी त्या पुढाऱ्याला धरून उभी राहायची, ते वीतभरासाठी?" तिचा आवाज चढला. "मला वाटायचं माणूस आळशी हाय. आळशी नवरा सगळ्या बायांना असतो, चालतं. आणि तुमी आत घाबरून बसलेलात? मला सांगितलं असतं तर मी घण मारला असता त्याच दिवशी!"

आणि घण घेतला माझ्या हातातनं. खरंच मारला. मला बाजूला सारून मारला. लग्नाच्या पहिल्या वर्षी माझ्याबरोबर कामावर घमेली वाहिलेली बाई हाय ती, तिला भिंत कुटं मारली की पडते ठाऊक. ती मारत होती आणि प्रत्येक घावाबरोबर कोणाकोणाला शिव्या देत होती, त्यात मी होतो, ऑपरेटर होता, तिचा भाऊ होता, पुढारी होता. मेहुणा बोलायला गेला, "ताई, हळू," तर त्याला बोलली, "तू तर बोलूच नकोस! स्पीकर तू लावलास!"

भगदाड मोकळं झालं. मी गुण्या लावला, दोन वेळा मापलं, ती बघत होती म्हणून तिसऱ्यांदा मापलं. माझं दार चौकटीसकट आत गेलं, सरळ, जसं काय कधी अडलंच नव्हतं. बोल्ट मारले, फटी भरल्या. ऑपरेटरनं फोनवर टिचकी मारली आणि तिथल्या तिथं मला ग्रुपमधनं काढलं. ऑपरेटरचं निळं दार मेहुण्यानं दुसरी टमटम बोलवून भिवपुरीला पाठवलं, पण ऑपरेटर काय त्याच्याबरोबर गेला नाय. कोपऱ्यात उभा. त्याच्या बायकोशी माझी बायको फोनवर बोलली, आत जाऊन. काय बोलल्या देव जाणे. बाहेर येताना दोघींचं एकमत झालेलं दिसत होतं, आणि ते आमच्या बाजूचं नव्हतं.

मग तिनं भावाला सांगितलं, "बाईक घेऊन जा. माझी पिशवी आण. साड्या सगळ्या आण."

माझ्या तोंडावर हसू आलं असणार, कारण ती लगेच बोलली, "हसू नका. माझा राग गेलेला नाय."

टॉवेल घेतला, आत गेली. दार लोटलं. आतनं कडी लागली. कडी मीच बसवली होती, आवाज ओळखीचा होता, तरी मी दचकलो. मी आणि ऑपरेटर बाहेर दाराला लागून उभे. त्याला वाटलं असंल तपासावं, मला वाटलं बिजागरी बघावी. दोघंपण एक पाऊल पुढं आलो.

"कोण हाय रं तिथं?" आतनं ओरडली. "दोघंपण लांब व्हा! रस्त्यापर्यंत जा!"

आमी गेलो. रस्त्याकडंला उभे राहिलो. ऑपरेटर काहीतरी बोलायला गेला, मी बोललो, "काका, गप." मला अजून त्याचा रागच होता. पाण्याचा आवाज येत होता, तांब्यावर तांब्या, तांब्यावर तांब्या. दोन हातांनी चाललेली अंघोळ होती ती. बऱ्याच वेळानं आवाज थांबला. टाकी संपली असणार.

कडी काय निघाली नाय.